केमो सकाळी घ्यावी की दुपारी?

२०२५मध्ये शिकागोत कर्करोगतज्ज्ञांची वार्षिक परिषद भरली, तेव्हा चीनमधल्या छांगशा शहरातल्या डॉक्टरांच्या एका अभ्यासाची बरीच चर्चा झाली. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे २१० पेशंट होते. औषधं सगळ्यांना सारखीच: केमो, आणि जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींना कॅन्सरवर सोडणारं औषध. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवावं तसं नशिबावर सोडलं होतं. निम्म्यांना पहिल्या चार सायकलींमध्ये, म्हणजे औषधाच्या पहिल्या चार फेऱ्यांमध्ये, इम्युनोथेरपी दुपारी तीनच्या आत मिळाली, निम्म्यांना तीननंतर. तीनच्या आतल्या गटात आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा ह्याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ११.३ महिने निघाला. तीननंतरच्या गटात ५.७ महिने.

एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक पाडला असता, तर त्याची एक बाटली लाखाच्या खाली मिळाली नसती. इथे बदललं होतं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. त्यामुळे ही बातमी वाचून पेशंटच्या घरात पहिला प्रश्न येतो तो साहजिकच असतो: मग आमच्या बाबांना औषध चढवायची खुर्ची दुपारी साडेतीनला का देतात?

वेळेला अर्थ आहे, एवढं आता नक्की म्हणता येतं. पण तो अर्थ प्रत्येक औषधाला, प्रत्येक माणसाला सारखा लागू होत नाही. गेल्या पन्नासएक वर्षांत ह्या विषयानं दोन-तीनदा मोठी आशा दाखवली आणि तितक्याच वेळा तोंडघशी पाडलं. तो इतिहास माहीत असला म्हणजे छांगशाच्या आकड्यांकडे कसं पाहायचं हे ठरवणं सोपं जातं.

पेशीतलं घड्याळ

१७२९ साली फ्रान्समध्ये ज्याँ-जॅक द मेराँ ह्या खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं एक रोप अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली, रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ बाहेरून कळत नव्हती, झाडाच्या आतच काहीतरी चालू होतं. ते 'काहीतरी' हाताला लागायला अडीचशे वर्षं गेली. १९७१मध्ये कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का ह्यांना अशा फळमाश्या सापडल्या, की एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांच्यातल्या काहींचा दिवस १९ तासांचा झाला होता, काहींचा २८ तासांचा. ते जनुक १९८४मध्ये वेगळं काढता आलं. हे घड्याळ कसं चालतं ते उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग ह्यांना २०१७चं नोबेल मिळालं. आपल्या देशातही हे काम जुनं आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन ह्यांनी गुहेतल्या वटवाघळांची घड्याळं वर्षानुवर्षं अभ्यासली.

यंत्रणा ऐकायला अवघड वाटते, पण कल्पना साधी आहे. पेशीत क्लॉक आणि बीमॅल-१ नावाची दोन प्रथिनं असतात. ती 'पर' आणि 'क्राय' ही जनुकं चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं हळूहळू साठत जातात आणि पुरेशी साठली की माघारी येऊन क्लॉक-बीमॅलचंच काम बंद पाडतात. उत्पादन थांबतं, साठा झिजत जातो, संपत आला की क्लॉक-बीमॅल मोकळे होतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू. ह्या एका फेरीला साधारण २४ तास लागतात. माणसात नेमकं मोजलं तर सरासरी २४ तास आणि वर दहाएक मिनिटं. ती वरची मिनिटं रोजचा सकाळचा उजेड कापून टाकतो.

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर वीस हजारांच्या आसपास पेशींचा एक पुंजका आहे. उजेडाची खबर आधी तिथे पोचते आणि तिथून बाकी शरीराला वेळ कळवली जाते. पण यकृत, आतडी, मूत्रपिंड, हाडांतला मगज, सगळ्यांची आपापली घड्याळंही आहेत. यकृताचं घड्याळ तर उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेचं जास्त ऐकतं. २०१४मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराचे बारा अवयव दिवसरात्र तपासले, तेव्हा प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात घड्याळाप्रमाणे कमी-जास्त होताना दिसली. त्यांनी आणखी एक गोष्ट ताडून पाहिली. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या १०० औषधांपैकी ५६ औषधं नेमकी अशा कमी-जास्त होणाऱ्या जनुकांच्या प्रथिनांवर काम करत होती.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 'रात्री १ ते ३ यकृत विष बाहेर टाकतं, ३ ते ५ फुफ्फुसं' असा एक तक्ता व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. त्याचा ह्या विज्ञानाशी संबंध नाही.)

पहाटे चारची केमो

केमोची बहुतेक औषधं विभाजन पावणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हाडांतला मगज ह्या निरोगी पेशीही सतत नव्या बनत असतात. म्हणून केमोनंतर तोंड येतं, जुलाब लागतात, केस जातात आणि 'काउंट पडतात', म्हणजे रक्तातल्या पेशी कमी होतात. डॉक्टरांची सगळी कसरत ह्यातच असते, की कॅन्सरला लागेल आणि पेशंटला झेपेल असा डोस साधायचा.

आता आतड्याच्या कॅन्सरसाठी वापरतात ते फाइव्ह-एफयू हे जुनं औषध घ्या. शरीरात त्याची विल्हेवाट लावणारं मुख्य एन्झाइम म्हणजे डीपीडी. हे एन्झाइम नगरपालिकेच्या नळासारखं आहे: पाणी रोज येतं, पण जोर मध्यरात्रीनंतर, दिवसा नुसती बारीक धार. आणि मगजातल्या पेशी नवा डीएनए बनवायचं काम दिवसा जास्त करतात, रात्री कमी. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की तर्क सरळ आहे. फाइव्ह-एफयू पहाटे दिलं तर निरोगी पेशी त्या मानाने शांत असतील आणि औषधाचा निचराही चांगला होईल.

पॅरिसजवळच्या व्हिलज्विफमध्ये फ्रान्सिस लेव्ही ह्यांनी हा तर्क माणसांवर तपासला. पहाटे चारला पेशंटला उठवून सलाईन लावणं शक्य नव्हतं, म्हणून वेळ लावता येईल असे छोटे पंप वापरले. फाइव्ह-एफयू हळूहळू वाढत पहाटे ४ला सर्वात जास्त, तर ऑक्झॅलिप्लॅटिन हे दुसरं औषध दुपारी ४ला सर्वात जास्त. दुसऱ्या गटाला तीच औषधं दिवसरात्र एकाच वेगानं. १९९७मध्ये निकाल आले, पेशंट होते १८६. तोंड-आतड्याच्या अस्तराला गंभीर इजा एकसारख्या वेगाच्या गटात ७६ टक्के लोकांना झाली, घड्याळ पाहून दिलेल्या गटात १४ टक्क्यांना. हातापायाच्या नसांचा त्रास ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. गाठी आक्रसण्याचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं.

एवढे आकडे पाहिल्यावर हा विषय सोडवला गेला असंच कुणालाही वाटेल. त्याआधी १९८५मध्ये अमेरिकेत विल्यम ह्रुशेस्की ह्यांनीही अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन सकाळी आणि सिस्प्लॅटिन संध्याकाळी दिल्यावर त्रास कमी होतो असं दाखवलं होतं. मग आज जगभर सगळीकडे पहाटेचे पंप का दिसत नाहीत?

कारण २००६. युरोपातल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून ५६४ पेशंटांवर मोठी चाचणी केली. ह्या वेळी तुलना एकसारख्या वेगाच्या जुन्या पद्धतीशी नव्हती; तोवर रुळलेल्या आणि सुधारलेल्या दोन दिवसांच्या केमोशी होती. एकूण आयुष्यमानात फरक निघाला नाही: १९.६ महिने विरुद्ध १८.७. पण आकडे उलगडून पाहिले तेव्हा खरी गंमत कळली, गंमत म्हणायची तर. घड्याळाप्रमाणे दिलेल्या केमोनं पुरुषांमध्ये मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला होता आणि बायकांमध्ये ३८ टक्क्यांनी वाढला होता. दोन्हींची सरासरी काढली की उत्तर येतं 'काही फरक नाही'.

माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची ओळ हीच आहे. पहाटे चार ही वेळ मुख्यतः पुरुषांच्या शरीराला जुळली होती, आणि बायकांना तीच वेळ लावून दिली गेली. बायकांची योग्य वेळ कुठली, हे आधी शोधायला हवं होतं. शिवाय एकाच घरातली दोन माणसं घ्या: एक पाचला उठून फिरायला जाणारं, दुसरं रात्री दोनपर्यंत जागणारं. भिंतीवर दोघांचे चारच वाजलेले असतात, पण शरीरातल्या घड्याळांत काही तासांचा फरक असू शकतो. वय झालं की घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात, दिवस-रात्रीतला चढउतारही बोथट होतो, आणि कॅन्सरचे बरेच पेशंट साठीच्या पुढचे असतात. तेव्हा 'अमुक औषध अमुक वाजता' असा एकच तक्ता सगळ्यांना पुरणार नाही.

जाता जाता: आज आतड्याच्या कॅन्सरला जी फॉलफॉक्स नावाची केमो देतात, तिच्यात फाइव्ह-एफयूचा मोठा भाग ४६ तास चालतो. पेशंट फुग्यासारखा पंप कमरेला लावून घरी जातो. त्या ४६ तासांत दोन रात्री येतात आणि बहुतेक पूर्ण दिवसही. अशा पेशंटनं खुर्ची ११ला मिळाली की २ला ह्यावरून फाइव्ह-एफयूसाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

साडेचारला येतं कोण?

इम्युनोथेरपी आल्यावर हा प्रश्न नव्यानं उभा राहिला. २०२१मध्ये अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मेलानोमा ह्या त्वचेच्या कॅन्सरच्या २९९ पेशंटांच्या जुन्या नोंदी चाळल्या. ज्यांचे किमान एक पंचमांश डोस दुपारी साडेचारनंतर झाले होते, ते इतरांपेक्षा कमी जगले. पुढे अशाच नोंदींवरून फुफ्फुस, मूत्रपिंड वगैरे कॅन्सरमध्येही तेच चित्र दिसल्याचे अहवाल येत राहिले.

नोंदी चाळून काढलेल्या निष्कर्षात एक मोठी मेख असते. ती समजून घ्यायला आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये एक दिवस बसावं. सकाळी सातपासून रक्त द्यायची रांग. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दहा-अकरा. तो घेऊन ओपीडीत डॉक्टरांसमोर जायचं. प्लेटलेट ठीक, क्रिएटिनिन ठीक, वजन घेतलं, मग फाईलवर सही. फाईल फार्मसीत. औषध आधी मिसळून ठेवत नाहीत. इतकं महागडं औषध, पेशंट आला नाही किंवा काउंट पडले तर वाया जाणार. मग मिसळायचं, नर्सनं नाव-नंबर ताडायचा, खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहायची. ह्यात सगळं सुरळीत असलेला माणूस अकरा-बाराला खुर्चीत बसतो. आणि तीन-चार वाजता कोण बसतं? ज्याचे काउंट पडले म्हणून रक्त पुन्हा काढावं लागलं. ज्याची साखर चढली. ज्याला रात्री ताप होता म्हणून आधी तपासणी झाली. जो लांबून आला आणि गाडी उशिरा पोचली. ज्याच्या सोबत कुणी नव्हतं.

म्हणजे उशिराच्या खुर्चीत बसणारा माणूस मुळातच जास्त आजारी किंवा जास्त अडचणीत असण्याची शक्यता मोठी. तो कमी जगला, तर दोष घड्याळाचा की ज्या कारणानं उशीर झाला त्याचा? नोंदींवरून हे सोडवता येत नाही, कितीही गणित केलं तरी. म्हणूनच छांगशाच्या चाचणीला वजन आहे. तिथे कोण तीनच्या आत, कोण तीननंतर हे आजारानं ठरवलं नव्हतं.

तरीही लगेच टाळ्या वाजवू नयेत, असं मला वाटतं. चाचणी एकाच केंद्रातली, पेशंट दोनशेच्या आसपास, आणि परिणाम एवढा मोठा की चांगल्या चांगल्या नव्या औषधांनाही जमलेला नाही. एवढा मोठा परिणाम दिसला की शास्त्रज्ञ आधी तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा दिसतो का ते पाहतात. आणि एक कोडंही आहे. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध शरीरात निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. एकदा टोचलं की ते पुढचे कित्येक दिवस, कित्येक रात्री रक्तात फिरतच असतं. मग पहिल्या दोन-चार तासांनी काय बिघडतं?

ह्याचं एक संभाव्य उत्तर जिनिव्हातल्या क्रिस्टोफ शायरमान ह्यांच्या प्रयोगशाळेतून येतं. उंदरांमध्ये त्यांना दिसलं, की गाठीत शिरलेल्या मारेकरी पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांची ताकद दिवसाच्या वेळेनुसार बदलते. औषध पहिल्यांदा पोचतं तेव्हा त्या पेशी गाठीत हजर आणि ताज्या असतील, तर सुरुवातच जोरात होते आणि पुढची साखळी तिथून ठरते. तर्क पटण्यासारखा आहे. पण उंदीर निशाचर. प्रयोगशाळेतली माणसं दिवसा काम करतात, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी. उंदराची सकाळ ही आपली रात्र. त्यामुळे उंदरावरून माणसाकडे येताना घड्याळ उलटं धरावं लागतं, आणि जुन्या कित्येक प्रयोगांत ते कुणी धरलेलंच नाही.

लखनौची सकाळ आणि बासेलची रात्र

रेडिएशनच्या बाबतीत एक चांगला भारतीय अभ्यास आहे. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या २२९ बायकांना दोन गटांत विभागलं: एका गटाला रेडिएशन सकाळी ८ ते १०, दुसऱ्याला संध्याकाळी ६ ते ८. २०१०मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आतड्याच्या अस्तराचा दाह, म्हणजे जुलाब-पोटदुखीचा त्रास, सकाळच्या गटात सुमारे ८७ टक्के बायकांना झाला, संध्याकाळच्या गटात सुमारे ६८ टक्के. गंभीर त्रास १४ टक्के विरुद्ध ५ टक्के. म्हणजे इम्युनोथेरपीला सकाळ बरी वाटते, तर पोटावरच्या रेडिएशनला संध्याकाळ. 'सकाळची वेळ चांगली' असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे.

२०२२मध्ये झुरिक आणि बासेलच्या संशोधकांनी आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३० बायकांचं रक्त पहाटे ४ला आणि सकाळी १०ला घेतलं. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी मोजल्या, तर त्यांतल्या सुमारे ७८ टक्के पहाटेच्या रक्तात सापडल्या. हे वाचून काही जणींनी झोपेचीच धास्ती घेतली तर नवल नाही. पण त्याचा अर्थ 'झोप वाईट' असा अजिबात होत नाही. उलट, रात्रपाळीनं वर्षानुवर्षं झोपेचं चक्र मोडतं त्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ह्या वर्गात टाकलं आणि २०१९मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बासेलच्या अभ्यासातून निघतं ते इतकंच, की रक्त कधी काढलं ह्यावर मोजमाप बदलू शकतं आणि औषध कधी द्यायचं ह्याचा विचार करताना रात्रही मोजायला हवी.

झोपेचं म्हणाल तर आणखी एक जुना अभ्यास आहे, २०००चा. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १९२ पेशंटांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. ज्यांची दिवसाची हालचाल आणि रात्रीची विश्रांती स्पष्ट वेगळी होती, ते जास्त जगले. इथेही तीच मेख आहे: जास्त आजारी माणूस दिवसा पडूनच असतो. तरी वॉर्डात रात्रभर जळणारे दिवे, दोन वाजता घेतलेलं बीपी आणि सलाईन संपलं म्हणून टुकटुकणारा पंप पाहिला, की हे थोडं तरी कमी करता येईल असं वाटल्यावाचून राहत नाही.

गोळ्यांची वेळ: घड्याळ की पोट?

घरी घ्यायच्या गोळ्यांवर जी वेळ लिहिलेली असते, ती बहुतेक वेळा शरीराच्या घड्याळासाठी नसते, पोटासाठी असते. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात, बारा तासांच्या अंतरानं. प्रोस्टेटच्या कॅन्सरची ॲबिरॅटेरोन उपाशीपोटी, कारण तेलकट जेवणासोबत ती अनेक पटींनी जास्त शोषली जाते. इथे मनानं वेळ बदलणं धोक्याचं आहे, कारण वेळ बदलली की जेवणाशी असलेलं अंतर बदलतं.

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमधली सिक्स-एमपी ही गोळी ह्याचं बोलकं उदाहरण आहे. १९८५मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी लिहिलं, की जी मुलं ही गोळी संध्याकाळी घेतात त्यांचा आजार कमी उलटतो. तेव्हापासून जगभरच्या आयांना सांगितलं जाऊ लागलं: संध्याकाळीच द्या, उपाशीपोटी द्या, दुधासोबत देऊ नका. दिवसभर खेळून पेंगलेल्या चार वर्षांच्या पोराला जेवण झाल्यावर दोन तास जागं ठेवून गोळी भरवणं म्हणजे काय, ते त्या आयांनाच विचारा. पुढे मोठ्या आणि नीट मोजलेल्या अभ्यासांत ह्या सवयींमुळे आजार उलटण्यात काही फरक दिसला नाही. गोळी रोज, न चुकता घेतली जाते का, ह्याला मात्र फार महत्त्व निघालं.

ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचंही असंच झालं. २०१९मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीनं जाहीर केलं, की गोळी झोपताना घेतली तर हृदयविकार आणि अर्धांगवायूचा धोका जवळजवळ निम्मा होतो. आकडा इतका चांगला होता की तेव्हाच काही तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. २०२२मध्ये ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवरची चाचणी पूर्ण झाली: सकाळी घ्या किंवा रात्री, फरक नाही. छांगशाचे आकडे वाचताना मला हीच जोडी आठवते.

मग पेशंटनं करायचं काय?

सर्वात आधी: केमो किंवा इम्युनोथेरपीचा ठरलेला दिवस चांगल्या वेळेच्या नादात पुढे ढकलायचा नाही. वेळेचा फायदा अजून सिद्ध व्हायचा आहे. डोस लांबल्याचा तोटा कधीचाच माहीत आहे. दुपारी चारची खुर्ची मिळाली तर चारला घ्यायची.

पण विचारायला हरकत नाही. इम्युनोथेरपी चालू असेल तर 'डॉक्टर, आम्हाला सकाळची खुर्ची मिळू शकेल का?' एवढा प्रश्न पुरतो. बहुतेक डॉक्टरांच्या कानावर ही बातमी आलेली असते, आणि खुर्ची असेल तर देण्यात त्यांचं काही जात नाही. केमोसोबत डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी, घरी घ्यायला दिली असेल तर दुसरी गोळी संध्याकाळऐवजी दुपारपर्यंत घेतली तर चालेल का, हेही विचारून घ्यावं. रात्रीची झोप उडवण्यात ह्या गोळीचा मोठा हात असतो.

हॉस्पिटलांनी काय करायचं, हा जास्त मोठा प्रश्न आहे. औषधाची वेळ बदलून कुणाला काही विकता येत नाही, त्यामुळे अशा चाचणीला कंपनी पैसे घालणार नाही. ते सरकारी आणि धर्मादाय केंद्रांनाच करावं लागेल. आपल्याकडे ह्याचा चांगला पायंडा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब ह्या इम्युनोथेरपीच्या औषधाचा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी डोस, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलीग्रॅम, गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिला. १५१ पेशंट होते. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटातल्या १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं, हे त्यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलं. कंपनी जो प्रश्न कधी विचारणार नाही तो त्यांनी विचारला. वेळेचा प्रश्नही त्याच जातीचा आहे, आणि देशभरच्या केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड तो विचारायला अगदी योग्य जागा आहे.

तोपर्यंत रांग थोडी वेगळी लावून पाहता येईल. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब चढायला अर्धा तास लागतो. ते पेशंट सकाळच्या पहिल्या तुकडीत घ्यावेत आणि ४६ तासांचा पंप लावून घरी जाणारे दुपारी. अडचण येते ती रक्ताच्या रिपोर्टची. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या पेशंटचा सीबीसी आदल्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये झाला आणि हॉस्पिटलनं तो मान्य केला, तर सकाळची रांग आणि रिपोर्टची वाट दोन्ही टळतात आणि औषध दहाच्या सुमारास सुरू होऊ शकतं. काही डॉक्टर बाहेरचा रिपोर्ट चालवून घेतात, काही नाही. पुढच्या सायकलच्या तारखेआधी फोन करून हे विचारून ठेवावं.